काळ्या सैनिक माशीच्या कातीतून कायटोसान: रंग काळा, अर्धं विरघळतच नाही. पाणी कुठे मुरतंय?

कोषघर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मंडईच्या ओल्या कचऱ्यावर काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांचं छोटं युनिट आहे. माशी उडून गेल्यावर प्रजननाच्या खोलीत कोषाची रिकामी टरफलं उरतात, महिन्याला सुकी १२ ते १५ किलो. आत्ता ती सगळी खतात जातात. त्यातून कायटिन (कवचाला बळकटी देणारा लांब साखळ्यांचा पदार्थ) आणि पुढे कायटोसान (कायटिनमधले ॲसिटिल गट काढल्यावर होणारा, सौम्य ॲसिडमध्ये विरघळणारा पदार्थ) काढायचं आहे. वापर मुख्यतः बियाण्याला लेप देण्यासाठी आणि फळांवरच्या फवाऱ्यासाठी.

आत्तापर्यंतची पद्धत अशी. १ किलो टरफलं पाण्यातून काढून उन्हात वाळवली आणि मसाल्याच्या डंकावर अगदी पीठ होईपर्यंत कुटली. १० लिटर पाण्यात ४ टक्के कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड), ९० अंशांवर २ तास. धुऊन मग १ मोलर (लिटरमागे १ मोल, म्हणजे सुमारे ३६ ग्रॅम) हायड्रोक्लोरिक ॲसिड १० लिटर, लवकर व्हावं म्हणून ७० अंशांवर २ तास, स्टीलच्या पातेल्यात. पुन्हा धुऊन वाळवल्यावर ३१० ग्रॅम गडद तपकिरी कायटिन मिळालं. त्याला ४० टक्के कॉस्टिकमध्ये १०० अंशांवर २ तास ठेवलं, प्रमाण १ ला १०. शेवटी २४० ग्रॅम माल हातात आला.

अडचणी तीन.

१. रंग चहाच्या चोथ्यासारखा काळपट.

२. १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये टाकलं की निम्म्याहून जास्त माल भिजवलेल्या साबुदाण्यासारखा फुगून तसाच राहतो. रात्रभर ढवळूनही कण मोडत नाहीत.

३. दुसऱ्या घाण्यात रंग घालवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरलं. माल पांढराशुभ्र झाला, पण द्रावण पाण्यासारखं पातळ, चिकटपणा अजिबात नाही.

कोणती पायरी चुकतेय, आणि का?

---

रसायनवाट

तुमच्या आकड्यांतच बरीचशी उत्तरं आहेत.

आधी ३१० ग्रॅमचं बघू. कोषाच्या रिकाम्या टरफलात कायटिन साधारण २० ते २५ टक्के असतं. १ किलोतून ३१० ग्रॅम आलं, तेही गडद तपकिरी, म्हणजे उतारा वाढलेला नाही; त्यात कायटिनला चिकटलेलं प्रोटीन आणि रंगद्रव्य शिल्लक आहे. पुढच्या पायरीतले साबुदाणे याच उरलेल्या मालाचे आहेत. कण वरून प्रोटीनच्या जाळीत गुंडाळलेला असेल तर घट्ट कॉस्टिक आतपर्यंत पोचत नाही. बाहेरचा पापुद्रा कायटोसान होतो, गाभा कायटिनच राहतो. ॲसिडमध्ये बाहेरचा भाग फुगतो आणि आतला त्याला धरून ठेवतो. एक कण दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून उजेडाकडे धरा. भोवती पारदर्शक जेली आणि मधे तपकिरी ठिपका दिसला तर निदान पक्कं.

आता सुरुवातीपासून.

टरफलं निवडणं. रिकामी टरफलं सुपात पाखडली तर हलकी पुढे उडतात आणि न फुटलेले, मेलेले कोष मागे राहतात. ते कोष वेगळे काढाच. त्यांच्यात चरबी भरपूर असते. कॉस्टिकमध्ये तिचा साबण होतो, घाणा फेसाळतो आणि कणांवर मेणचट थर बसतो. रिकाम्या टरफलात चरबी किरकोळ असते, म्हणून त्यांच्यासाठी सॉल्व्हंट वापरून चरबी काढायची गरज नाही. पाखडून झाल्यावर मोठ्या टबात पाण्यावर सोडा. टरफलं तरंगतात, वाळू आणि विष्ठेची रेती खाली बसते. वाळू पुढे कोणत्याही ॲसिडने जात नाही, थेट तुमच्या मालाच्या राखेत (माल जाळल्यावर उरतं त्यात) मोजली जाते. सगळी धूळ इथेच काढून टाकलेली बरी.

दळणं. पीठ करू नका. ३० नंबरच्या चाळणीतून पडेल आणि ८० नंबरच्या चाळणीवर राहील एवढा रवा हवा, म्हणजे साधारण ०.६ ते ०.२ मिलिमीटर. पीठ गाळणीच्या कापडात चिखलासारखं बसतं, धुणं नीट होत नाही आणि प्रत्येक धुण्यात थोडा माल वाहून जातो. ६० अंशांवर कडकडीत वाळवून दळलं तर टरफल चटकन तुटतं. ओलसर असेल तर चामड्यासारखं लांबतं आणि डंक गरम होतो.

आधी ॲसिड, मग कॉस्टिक. दोन्ही क्रम चालतात, पण या माशीच्या बाबतीत ॲसिड आधी घ्यावं असं माझं ठाम मत आहे. बहुतेक कीटकांच्या कवचात चुना नगण्य असतो. काळ्या सैनिक माशीची अळी मात्र आपल्या कातडीत कॅल्शियम कार्बोनेट साठवते आणि कोषाचं टरफल त्याच कातडीचं बनतं. चुना निघाला की टरफलात बारीक भोकं पडतात आणि कॉस्टिकला आत जायला वाट मिळते.

१ मोलर ॲसिड पुरेसं आहे. बाजारातलं ३० ते ३३ टक्क्यांचं ॲसिड सुमारे १० मोलर असतं, म्हणून ९ भाग पाण्यात १ भाग ॲसिड. १ किलोला १० लिटर. तापवायचं नाही. खोलीच्या तापमानाला, अधूनमधून ढवळत, १ ते २ तास. चुना विरघळायला उष्णता लागतच नाही. गरम ॲसिड कायटिनच्या साखळीतले दुवे तोडतं. तुमच्या ७० अंशांच्या घाण्यात चिकटपणा इथेच कमी व्हायला लागला होता, हायपोक्लोराइटने उरलासुरला घालवला. चुना संपला का हे बघायला चिमूटभर कण ताज्या ॲसिडमध्ये टाका. एकही बुडबुडा येता कामा नये.

कॉस्टिक. लिटरला ४० ग्रॅम, १ किलो मूळ टरफलांना १० ते १५ लिटर, ८० ते ८५ अंश, २ तास. पण एकदा करून भागत नाही. कीटकाच्या कवचातलं प्रोटीन कॅटेकॉल जातीच्या रेणूंनी आडवं-उभं विणलेलं असतं. त्याच विणीमुळे टरफल कडक होतं आणि तपकिरीही. पहिलं पाणी काळ्या कॉफीसारखं येईल. ते काढून ताजं कॉस्टिक घाला, पुन्हा २ तास. दुसरं पाणी चहाइतकं, तिसरं फिकट पिवळं. तिसऱ्याला थांबा. खात्रीसाठी त्या अल्कधर्मी पाण्यात १ टक्का मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. जांभळी झाक आली तर प्रोटीन अजून निघतंय. ही तपासणी फिकट झालेल्या पाण्यावरच करा, पहिल्या काळ्या पाण्यात काहीच दिसणार नाही.

इथे बरेच जण एका गोष्टीने फसतात. कायटिन पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत देऊन प्रोटीन किती उरलं हे विचारू नका. तिथे नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात. शुद्ध कायटिनमध्ये स्वतःचाच ६.९ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे प्रोटीन शून्य असलं तरी अहवालात ४३ टक्के छापून येईल. सरळ नायट्रोजनचा आकडा मागा. तो ६.९ च्या वर जेवढा जाईल तेवढी भेसळ उरली आहे.

कायटोसान करणं. कॉस्टिक वजनाने ५० टक्के. १०० ग्रॅम कायटिनला सुमारे दीड लिटर, म्हणजे १.१५ किलो कॉस्टिक फ्लेक्स (पापुद्रे) आणि १.१५ लिटर पाणी. पाण्यात फ्लेक्स थोडे थोडे टाकायचे. उलटं कधीही करू नका, उसळून अंगावर येतं. द्रावण थंड झाल्यावर कायटिन त्यात रात्रभर भिजत ठेवा. कायटिनचे रेणू फार घट्ट रचलेले असतात, भिजून ते थोडे सैल होतात. मग १०० अंशांवर २ तास, झाकण लावून. गाळा, धुवा आणि ताज्या ५० टक्के कॉस्टिकमध्ये पुन्हा २ तास. एकदाच सलग ६ तास उकडल्याने हे साधत नाही. एका टप्प्यानंतर अभिक्रिया मंदावते आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे साखळ्या तुटत राहतात. मधे धुतलं की कणाचं अंतरंग पुन्हा उघडतं.

भांडं जाड स्टीलचं, शक्यतो ३१६ प्रतीचं आणि जोड नसलेलं. इतक्या तीव्र गरम कॉस्टिकने वेल्डच्या जोडावर तडे जातात. ॲल्युमिनियमचं पातेलं, झारा, झाकण काहीही जवळ आणायचं नाही, हायड्रोजन सुटतो. पूर्ण बंद गॉगल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालूनच काम. शिंतोडा उडाला तर भरपूर वाहतं पाणी, किमान १५ ते २० मिनिटं. व्हिनेगर वगैरे लावत बसू नका. डोळ्यात गेला तर पाणी मारल्यावर थेट डॉक्टरकडे.

धुणं कंटाळवाणं आहे, पण तिथे घाई नडते. गरम पाण्याने आठ-दहा वेळा, धुणपाणी पीएच ७ ते ७.५ वर येईपर्यंत. ५० ते ५५ अंशांवर वाळवा. जास्त तापवलं तर कण शिंगासारखे कडक होतात आणि मग विरघळायला दुप्पट वेळ घेतात.

---

कोळंबीबंदर

रसायनवाट यांनी क्रम नीट सांगितला आहे. कोळंबीच्या टरफलांवरून या माशीकडे वळताना काय बदलतं ते मांडतो, कारण कायटोसानच्या बहुतेक कृती कोळंबी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या आहेत आणि त्या इथे जशाच्या तशा लावल्या तर तोंडघशी पाडतात. कोळंबीत चुना कितीतरी जास्त आणि प्रोटीन सैल. रंग नारिंगी आणि तोही सहज सुटणारा. या माशीत चुना त्यामानाने कमी, पण प्रोटीन चिवट आणि रंग मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याचा. म्हणजे कोळंबीत मेहनत ॲसिडच्या पायरीला लागते, इथे कॉस्टिकच्या.

चुना कमी असला तरी फेसाचा हिशोब ठेवा. टरफलाची राख १५ टक्के निघाली आणि सगळी कॅल्शियम कार्बोनेट धरली तर १ किलोत १५० ग्रॅम. ते संपवायला ३ मोल ॲसिड लागतं आणि जवळजवळ ३६ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. टरफलाच्या कणांना हा वायू चिकटतो आणि सगळा रवा फेसावर चढून पिंपाबाहेर सांडतो. १० लिटरच्या घाण्याला ३० लिटरचं पिंप घ्या आणि ॲसिड तीन-चार हप्त्यांत घाला. खिडक्या उघड्या हव्यात.

आणि ॲसिडला स्टीलचं पातेलं? नको! हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि लोखंड मालात उतरतं. कायटोसान धातू धरून ठेवणारा पदार्थ आहे, म्हणून तर तो सांडपाण्यातून धातू काढायला वापरतात. एकदा धरलेलं लोखंड साध्या धुण्याने निघत नाही, मालाला पिवळट रंग राहतो. शिवाय पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणार असाल तर लोखंडाच्या सान्निध्यात त्याचे फार आक्रमक तुकडे होतात आणि साखळी कापली जाते. ॲसिडसाठी एचडीपीई प्लॅस्टिकचं निळं पिंप आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकचं ढवळणं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर शेवटची दोन धुणी आरओच्या पाण्याने करा.

सांडपाणी. हा भाग लोक शेवटी बघतात, पण युनिट बंद पडायचं कारण बहुधा हेच होतं. प्रोटीनचं काळं कॉस्टिक पाणी आणि वापरलेलं ॲसिड एकमेकांना मारायला वापरा. काळ्या पाण्यात ॲसिड सावकाश सोडत पीएच ४.५ च्या आसपास आणलं की दूध नासावं तसा प्रोटीनचा साका वेगळा होतो. हे उघड्यावर करा, वास उग्र येतो. साका कापडात बांधून टांगला की पाणी गळून जातं. उरलेलं पाणी मिठाचं असतं, ते शेतात सोडू नका, दोन हंगामांत जमीन खारवते. कॉस्टिक सोड्याऐवजी प्रोटीन काढायला पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लिटरला ५६ ग्रॅम वापरलं आणि फॉस्फरिक ॲसिडने मारलं तर तेच पाणी पोटॅश-स्फुरदाचं द्रवखत म्हणून कामी येतं. पोटॅश महाग पडतं, पण विल्हेवाटीचा खर्च वाचतो. हिशोब करून बघा. माल विकायचा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी घ्या.

५० टक्क्यांचं कॉस्टिक मात्र फेकायचं नाही. गाळून साठवा, पुढच्या घाण्याच्या *पहिल्या* फेरीला वापरा, दुसरी फेरी ताज्या कॉस्टिकची. तीव्रता हायड्रोमीटरवर बघता येते, ५० टक्क्यांचं द्रावण सुमारे ५० बॉमे (घनतेचं माप) दाखवतं. दोन-तीन वापरांनंतर त्यात सोडियम ॲसिटेट साचतं आणि हायड्रोमीटर खोटं बोलायला लागतो, तेव्हा टायट्रेशन (ॲसिड मोजून घालत तीव्रता काढणं) करूनच खात्री करा.

---

गाळणीघर

रंगाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, म्हणून लिहिते.

कोषघर, पहिला प्रश्न स्वतःला विचारा: पांढरा रंग कुणाला हवा आहे? बियाण्याला किंवा फवाऱ्याला बदामी कायटोसान तितकंच चालतं. प्रत्येक ब्लीच साखळी थोडी तरी तोडतं आणि वजनही घटवतं. हायपोक्लोराइट तर रंगापुरतं थांबत नाही, कायटोसानच्या अमिनो गटावरही हल्ला करतं. म्हणून तुमचं द्रावण पाणी झालं. धोका आणखी एक: माल ॲसिडमधून नीट न धुता हायपोक्लोराइटमध्ये गेला तर क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

रंग कमी करायचाच असेल तर कायटिनच्या टप्प्यावर करा, कायटोसान झाल्यावर नाही. बाजारातलं ५० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड लिटर पाण्याला ५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ३ टक्के. पीएच ९ पर्यंत कॉस्टिकचे थेंब, ६० अंश, ४५ मिनिटं ते तास. कॉफीचा रंग बदामी होतो, त्यापुढे फारसा जात नाही, ताणू नका. नंतर पेरॉक्साइड पूर्ण धुवा. तो उरला आणि तसाच गरम ५० टक्के कॉस्टिकमध्ये गेला तर साखळीचे तुकडे ठरलेलेच.

काही कृतींत पोटॅशियम परमँगनेट आणि मग ऑक्झॅलिक ॲसिड सांगतात. रंग छान जातो, पण चुना थोडा जरी उरला असेल तर ऑक्झॅलिक ॲसिडबरोबर त्याचं न विरघळणारं कॅल्शियम ऑक्झॅलेट होतं आणि राख वाढते. ते कण मग पाण्यानेही जात नाहीत.

माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग वेगळाच आहे. मेलॅनिन सौम्य ॲसिडमध्ये विरघळत नाही, कायटोसान विरघळतं. मग रंगाशी झगडायचं कशाला? गाळून टाका. १० ग्रॅम कायटोसान, १ लिटर पाणी, १० मिलिलिटर ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) ॲसेटिक ॲसिड. रात्रभर ढवळा. आधी नायलॉनच्या १०० नंबरच्या जाळीतून, मग जाड सुती कापडातून गाळा. कापडावर काळे ठिपके आणि न विरघळलेली जेली राहते, खाली पातळ खळीसारखं फिकट पिवळं द्रावण उतरतं. पहिल्यांदा बघितलं की खात्री पटते की काळेपणा मुख्यतः त्या कणांचाच होता. कापडावरचा गाळ वाळवून वजन करा, १० ग्रॅममागे किती गेलं हा तुमच्या घाण्याचा खरा दाखला.

पावडर हवी असेल तर गाळलेल्या द्रावणात ढवळत १ मोलर कॉस्टिक सोडून पीएच ९ पर्यंत न्या. पांढरट पुंजके खाली बसतात. ते धुणं अवघड, कारण पुंजक्यांत पाणी फार अडकतं, आणि वाळल्यावर आकसून कडक होतात. फवाऱ्यासाठी हा व्याप नको, गाळलेलं द्रावणच वापरा. फक्त ते साठवून ठेवू नका. हळूहळू चिकटपणा उतरतो आणि वर बुरशीही धरते. पावडर साठवा, द्रावण लागेल तेव्हा करा.

लेबलावर "कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना सुरक्षित" असं लिहायचा मोह टाळा. कोळंबीची ॲलर्जी प्रामुख्याने ट्रोपोमायोसिन या प्रोटीनमुळे होते आणि कीटकांतलं ट्रोपोमायोसिन त्याच्याशी मिळतंजुळतं असतं. प्रोटीन पूर्ण निघाल्याची खात्री नसताना असा दावा करणं घातक आहे. आणि पिकासाठी जैव-उत्तेजक म्हणून विकणार असाल तर २०२१ पासून तो वर्ग खत नियंत्रण आदेशाखाली येतो, नोंदणी लागेल. स्वतःच्या शेतावर वापरण्याची गोष्ट वेगळी.

---

तुतीचा_मळा

वाचतोय, फार उपयोगी चर्चा. एक शंका. जालना-बीडकडे तुती रेशीम वाढलंय. धागा काढल्यावर उरणाऱ्या प्युपातून (कोषातल्या किड्यातून) हेच करता येईल का?

---

रसायनवाट

होईल, पण पदरात फार पडणार नाही. रेशमाच्या प्युपात सुक्या वजनाच्या अवघं ३ ते ४ टक्के कायटिन असतं. त्याउलट निम्म्याच्या आसपास प्रोटीन आणि पाव हिस्सा किंवा जास्त तेल. तिथे तेल आणि प्रोटीन हाच मुख्य माल, कायटिन शेवटी उरलं तर घ्यायचं. तेल आधी न काढता कॉस्टिकमध्ये टाकलंत तर पिंपभर साबण होईल.

रेशमातून पॉलिमर काढायचाच असेल तर भोक पडलेले, डागी कोष बघा. तुतीच्या कोषात २० ते ३० टक्के सेरिसिन असतं, तो डिंकासारखा प्रोटीनचा थर. त्याला कुठलंही रसायन लागत नाही. कोष कापून आतली प्युपा आणि कात झटकून टाका, तुकडे धुवा. १ भाग कोष, ३० भाग पाणी, प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर, म्हणजे सुमारे १२० अंशांवर, ४५ मिनिटं ते तास. गरम असतानाच कापडातून गाळा. थंड झालं की सेरिसिन खिरीसारखं गोठतं आणि कापडातून उतरत नाही. साबण-सोडा घालून डिंक काढण्याची गिरणीतली पद्धत इथे वापरू नका, सेरिसिन आणि सोडा मग वेगळे करता येत नाहीत. गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसर कोषाला मात्र हे लावू नका. त्यात सेरिसिन कमी आणि टॅनिन, कॅल्शियम ऑक्झॅलेट असल्याने कोष दगडासारखा. उतारा कमी, रंग तपकिरी.

---

कोषघर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे १०० ग्रॅमचा घाणा केला. पाखडणं, रवा, थंड ॲसिड निळ्या पिंपात, कॉस्टिक तीनदा, ५० टक्क्यांच्या दोन फेऱ्या, ब्लीच नाही. कायटिन २२ ग्रॅम, कायटोसान १५.५ ग्रॅम. १० ग्रॅम विरघळवून गाळल्यावर कापडावर ०.६ ग्रॅम राहिलं. द्रावण खळीसारखं झालंय, साबुदाणा नाही!

आता ॲसिटिल गट किती टक्के निघाले हे घरच्या घरी कसं मोजायचं? पीएच मीटर आणि ब्युरेट आहे.

---

गाळणीघर

०.६ ग्रॅम म्हणजे उत्तम घाणा.

मोजणी अशी. कायटोसान १०५ अंशांवर स्थिर वजन येईपर्यंत वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा. अचूक ०.२ ग्रॅम तोला. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड पिपेटने २० मिलिलिटर आणि ३० मिलिलिटर पाणी घालून पूर्ण विरघळवा. मग ०.१ मोलर कॉस्टिक ब्युरेटमधून ०.२ मिलिलिटरच्या टप्प्यांनी घाला आणि प्रत्येक वेळी पीएच लिहा. आलेखात दोन उड्या दिसतील. पहिली पीएच ४ च्या आसपास, तिथे जास्तीचं ॲसिड संपतं. दुसरी ८ च्या आसपास, तिथे अमिनो गटांवरचं ॲसिड संपतं. पीएच ६ ओलांडताना द्रावण गढूळ होईल, ते कायटोसान बाहेर पडत असल्याचं लक्षण. तिथून प्रत्येक थेंबानंतर मिनिटभर थांबा, नाहीतर आकडा खोटा येतो.

समजा उड्या १०.५ आणि २० मिलिलिटरवर आल्या. फरक ९.५ मिलिलिटर, म्हणजे ०.०००९५ मोल अमिनो गट. निघालेल्या ॲसिटिल गटांची टक्केवारी काढायला मोलला २०३ ने गुणा, मग भागा (नमुन्याचं वजन अधिक ४२ गुणिले मोल) ने. ०.१९२९ भागिले ०.२३९९, म्हणजे ८० टक्के.

नमुना न वाळवता तोलला तर? कायटोसान हवेतली ओल सहज धरतं. ०.२ ग्रॅममध्ये १० टक्के पाणी असेल तर खरा माल ०.१८ ग्रॅम, आणि याच फरकावरून खरं उत्तर ८८ टक्के येतं. म्हणजे फक्त ओलीमुळे तुम्ही आठ टक्के कमी लिहाल.

दुसरी उडी २० मिलिलिटरवर आली का हेही बघा. ॲसिड २० मिलिलिटर घातलंय आणि दोन्ही द्रावणं सारख्याच तीव्रतेची आहेत, तेव्हा कॉस्टिकही एकूण तेवढंच लागायला हवं. ती १९ वर आली तर मालातच थोडं कॉस्टिक किंवा कार्बोनेट उरलंय, म्हणजे धुणं अपुरं. तो घाणा परत धुऊन मगच मोजा.